ऑपरेशन रद्द का झालं, हे नेमकं विचारा

वडिलांचं फुप्फुसाच्या कॅन्सरचं ऑपरेशन आदल्या दिवशी रद्द झालं, म्हणजे डॉक्टरांनी आशा सोडली का, असं तुम्ही विचारलंय. लगेच तसं धरून चालू नका.

बऱ्याचदा कारण रोगाच्या पसरण्यात असतं. मेंदूच्या एमआरआयमध्ये गाठ दिसली किंवा छातीतल्या पाण्यात कॅन्सरच्या पेशी सापडल्या, तर फुप्फुसाचा भाग काढून रोग सहसा जात नाही, मोठ्या ऑपरेशनचा त्रास मात्र होतो. श्वासनलिकेजवळच्या लसिका ग्रंथी (लिम्फ नोड्स) पेट स्कॅनवर, म्हणजे जास्त सक्रिय पेशी उजळ दाखवणाऱ्या स्कॅनवर, उजळल्या तर कॅन्सर तिथे पोचल्याची शंका येते आणि तरीही बेत बदलतो. इथे एक गोष्ट आवर्जून सांगते. आपल्याकडे टीबी खूप, आणि टीबीच्या ग्रंथीही पेटवर तशाच उजळतात! म्हणून निर्णय फक्त स्कॅनवरून झाला असेल, तर श्वासनलिकेत दुर्बीण घालून सोनोग्राफीच्या मदतीने सुईने (ईबस तपासणी) त्या ग्रंथींचा नमुना तपासलाय का, हे विचाराच. माझ्या मते हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न.

दुसरं कारण श्वासाची ताकद. ऑपरेशननंतर उरणारी एफईव्ही-वन (जोराने फुंकल्यावर पहिल्या सेकंदात बाहेर पडणारी हवा) किंवा डीएलसीओ (फुप्फुसातून रक्तात वायू जाण्याची क्षमता) अपेक्षित मूल्याच्या ४० टक्क्यांखाली जाणार असेल, तर धोका बराच वाढतो. हृदयाचा त्रास, नुकताच झालेला छातीचा संसर्ग यांमुळेही तारीख पुढे जाते.

कधी आधी केमो आणि इम्युनोथेरपी (शरीराच्या प्रतिकारशक्तीला कॅन्सरशी लढायला लावणारी औषधं) देऊन मग ऑपरेशन करतात, कधी ऑपरेशनऐवजी रेडिएशन देतात. तुमच्या बाबतीत यातलं काय ठरलंय, ते ट्यूमर बोर्डाच्या (उपचार एकत्र ठरवणाऱ्या वेगवेगळ्या तज्ज्ञांच्या बैठकीच्या) निर्णयासकट लेखी मागून घ्या.