अंतर 385 किलोमीटर, मग अडीच तास कसे?

मेघना ताई: अजून कॅनडाच्या पार उत्तरेला, रेझोल्यूट गावातच अडकलेय. धुकं हटेना, विमान सुटेना. फोटो बघा, रात्रीचे साडेअकरा वाजलेत आणि हे ऊन!

सुमन आत्या: अगंबाई! मग झोपता कशा?

मेघना ताई: खिडकीला आतून फॉइल चिकटवलंय 😄

अशोककाका: तुझं तिकीट पाहिलं. सुटणार 11.00, ग्रीस फियॉर्डला पोचणार 1.30. नकाशावर सरळ अंतर 385 किमी. म्हणजे ताशी 154. विमान आहे की वंदे भारत?

निनाद: काका, घड्याळ बघा. रेझोल्यूट सेंट्रल टाइमवर, ग्रीस फियॉर्ड ईस्टर्नवर. ते तासभर पुढे. हवेत दीडच तास.

अशोककाका: म्हणजे येताना 11 ला निघून 11.30 ला हजर?

सुमन आत्या: येताना बरं लवकर येतं!

निनाद: 🤦

अशोककाका: तरी दीड तास जास्तच. मुंबई-गोवा याहून लांब, सव्वा तासात उतरवतात.

मेघना ताई: ते जेट हो काका. हे ट्विन ऑटर, दोन पंख्यांचं, ताशी पावणेतीनशेच्या आसपास. तिथे मोठं विमान उतरूच शकत नाही. धावपट्टी खडीची, जेमतेम अर्धा किलोमीटर, आणि डोंगर अगदी अंगावर. वारा आडवा असेल तर गाव खाली दिसत असतानाही परत फिरावं लागतं.

आई: मग गाडीने जा ना गं.

मेघना ताई: रस्ताच नाही काकू. नुनावूतमध्ये, म्हणजे कॅनडाच्या या उत्तर भागात, गावागावांना जोडणारे रस्तेच नाहीत. उन्हाळ्यात बर्फ फुटला की सामानाचं जहाज येतं, बाकी सगळं विमानाने. परवा मला बॅगेसकट काट्यावर उभं केलं. आत्या, तुझ्या चकल्यांचंही वजन लागलं. आता बऱ्याच हलक्या झाल्यात.

सुमन आत्या: खा गं. पण एवढ्या लांब राहतं तरी कोण?

मेघना ताई: 2021च्या जनगणनेत 144 माणसं. दातांचा डॉक्टर कायमचा नाही, म्हणून आम्ही दोघी आठवडाभर जातोय.

आई: आपल्या ए विंगमध्येच जास्त भरतील.

अशोककाका: हौसेने नाही गेले सुमन. वाचलंय मी. 1953 साली कॅनडा सरकारने खूप दक्षिणेच्या क्युबेक प्रांतातल्या इनुकजुआक गावातून इनुइट, म्हणजे तिथल्या मूळ रहिवाशांची, कुटुंबं उचलून तिकडे नेली. शिकार भरपूर आहे, नाही आवडलं तर दोन वर्षांनी परत आणू, असं सांगून. आणलं नाही. उत्तरेवर आपला हक्क दिसावा म्हणून माणसं नेऊन ठेवली, असं पुष्कळांचं म्हणणं. माफी मागायला 2010 उजाडलं.

मेघना ताई: आणि काका, एकत्र ठेवू म्हणाले होते. वेगवेगळ्या ठिकाणी उतरवणार हे जहाजावर कळलं. काही ग्रीस फियॉर्डला, काही इथे. आता दोन्ही गावांत पुतळे आहेत. इथे एकटा पुरुष ग्रीस फियॉर्डच्या दिशेने बघतोय. तिथे बाई, लहान मुलगा आणि कुत्रा. ती बाई इकडे बघतेय.

आई: 😔

सुमन आत्या: मधे दीड तासाचं विमान.

निनाद: तेव्हा विमानही नव्हतं आत्या.

(दुसऱ्या दिवशी)

मेघना ताई: पोचले एकदाची! 1.20 ला उतरलो. आता पुतळा बघून येते.

अशोककाका: कुठल्या घड्याळाने?