भयकथा वाचणाऱ्याने डार्क फॅन्टसी रोमान्स कसा वाचावा?

मिणमिणता_कंदील

मंडळी, प्रश्न जरा बालिश वाटेल, पण महिनाभर डोकं खातोय.

मी भयकथांचा माणूस, त्यातही लघुकथांचा. कादंबरीभर भीती टिकत नाही असं माझं मत. दीडशे पानं झाली की भूत घरातलंच वाटायला लागतं, त्याला चहा विचारावासा वाटतो. आठ-दहा पानांची कथा, रात्री अकरानंतर, उशाशी दिवा, बस. कथा जमली की नाही याची माझी कसोटी एकच. संपल्यावर दिवा बंद करायला हात किती वेळाने पुढे गेला.

माझी भाची बावीस वर्षांची आहे. ती फक्त डार्क फॅन्टसी रोमान्स वाचते, म्हणजे शाप-जादूच्या काळोख्या जगातल्या प्रेमकथा. काळी मुखपृष्ठं, त्यावर सोनेरी काटेरी वेली, जाडी उशीएवढी. मी एकदा तिच्यासमोर नाक मुरडलं, तर म्हणाली, "मामा, न वाचता बोलू नकोस. पैज लाव." मग ठरलं. मी निवडलेल्या दहा भयकथा तिने वाचायच्या आणि तिच्या आवडत्या मालिकेचा पहिला भाग मी.

आता दोघंही वैतागलोय.

माझ्या वाट्याला आलेलं पुस्तक असं : नदीखालच्या राज्याचा राजा. नायिकेचा भाऊ बुडतो, त्याचा श्वास परत मिळावा म्हणून ती वर्षभर राजाच्या महालात राहायला कबूल होते. अट एकच, तळघरातलं दार उघडायचं नाही. मी खूश. असं दार म्हणजे आमचं माहेर! दोनशे पानं मी त्या दाराची वाट बघितली. दोनशे बाराव्या पानावर ते उघडलं. आत फळ्यांवर काचेच्या कुप्या, एकेका कुपीत बुडालेल्या माणसाचा शेवटचा श्वास. काच आतून धूसर झालेली, धूसरपणा अधूनमधून हलतो. वा! मी पान उलटताना श्वास रोखून धरला होता. मी असतो तर पुढचं एकच वाक्य लिहून थांबलो असतो : कोपऱ्यात एक रिकामी कुपी होती आणि तिच्यावर नायिकेचं नाव.

पुढच्या पानावर काय? राजा मागे उभा. रडतो. बालपण सांगतो. दोन पानांनी चुंबन. मी पुस्तक मिटलं.

आता भाचीची तक्रार. मी दिलेल्या कथांपैकी एक अशी : नवरा बुडून गेलेली बाई. रोज सकाळी दारापासून पलंगाकडे ओली पावलं उमटलेली दिसतात, पुरुषाची, अनवाणी. रोज एक पाऊल जास्त. शेवटच्या सकाळी पलंग रिकामा, आणि पावलं पलंगाकडून दाराकडे गेलेली. लहान, बाईची. संपली कथा. (नाव-लेखक मुद्दाम देत नाही, शेवट फोडल्याचं पाप नको.) पहिल्यांदा वाचली तेव्हा मी दिवा रात्रभर चालू ठेवला होता. भाची म्हणते, "संपली? पुढचं कुठाय?"

तर प्रश्न असा की मी हे चुकीच्या पद्धतीने वाचतोय का? की हे दोन प्रकार एका वाचकाला मानवतच नाहीत? अर्धं पुस्तक अजून बाकी आहे आणि पैज पैज आहे.

आठवंदार

काका, पुस्तक कुठलं ते बहुतेक ओळखलं, पण गप्प बसते.

तुम्ही दाराची वाट बघत वाचलंत, हीच गडबड. आमच्याकडे दार ही सुरुवात असते. आत काहीतरी भयंकर आहे हे वाचणारीला मुखपृष्ठ बघूनच कळलेलं असतं. "आत काय आहे?" हा प्रश्न आमचा नाहीच. "आत काय आहे ते कळल्यावर ती राहते की जाते, आणि राहिली तर कुठल्या अटीवर?" हा आहे.

दुसरं, रोमान्स म्हटलं की शेवट गोड, निदान आशेचा, हा वाचकाशी केलेला करार असतो. तो मोडला तर वाचक पुस्तक भिंतीवर फेकतात. त्यामुळे नायिका मरेल की काय ही भीती आम्हाला नसतेच. भीती वेगळी असते. ती काय काय देऊन बसेल? आवाज, नाव, आठवणी, सावली. शेवट गोड आहे हे माहीत असूनही पोटात गोळा येतो, कारण शेवटाला पोचणारी मुलगी तीच उरली असेल का याची खात्री नसते. माझ्या एका लाडक्या पुस्तकात नायिका सगळं जिंकते आणि शेवटी आईचा चेहरा तिला आठवत नाही. लग्नाच्या प्रसंगात गर्दीत एक बाई रडताना दिसते, नायिका तिला ओळखत नाही. एवढंच वाक्य. लेखिकेने पुढे काही समजावलेलं नाही. काका, तुमच्या दिव्याचं काय झालं असतं सांगा.

एक करून बघा. पहिल्या भेटीतला सौदा परत वाचा, शब्द न् शब्द. या प्रकारात खरी भीती करारात लपलेली असते. "वर्षभर" म्हणजे कुणाचं वर्ष? नदीखालचं की वरचं?

आणि पुढच्या वेळी मालिकेने सुरुवात करू नका, एका भागात संपणारं घ्या. मालिकेच्या पहिल्या भागात नुसतं सामान मांडलेलं असतं.

तुसडा_वाचक

चुंबनापर्यंत दोनशे चौदा पानं लागली? नशीबवान आहात.

गंमत सोडा. मी यातली सहा-सात वाचलीत. दोनच चांगली निघाली. बाकीच्यांत "डार्क" म्हणजे नायक मुलीला कोंडतो, धमकावतो आणि देखणा असल्यामुळे माफ होतो. त्याला शिंगं-पंख लावले की फॅन्टसी. भयकथेत निदान राक्षसाला राक्षस म्हणतात.

आठवंदार

@तुसडा, अर्ध्या गोष्टीशी सहमत. म्हणून तर बऱ्याच पुस्तकांत सुरुवातीलाच आत काय काय आहे त्याची सूचना असते, ती वाचून ठरवावं. पण डार्क रोमान्स आणि डार्क फॅन्टसी रोमान्स यांची खिचडी करू नका. पहिल्यात अंधार माणसाचा असतो, बऱ्याचदा आजच्या जगातला. दुसऱ्यात तो जगाच्या नियमांत असतो : शाप, सौदा, मरणाचा देव. दुसऱ्या प्रकारातही वाईट पुस्तकं ढिगाने आहेत, नाकारत नाही. माझी कसोटी साधी आहे. नायिकेला निघून जाता येईल असा एक तरी खरा क्षण लेखिकेने दिलाय का? नसेल तर मीही मिटते.

शंखपुष्प

कंदीलराव, हे दोन प्रकार सख्खी भावंडं आहेत हो. मोठी झाल्यावर भांडली.

निळ्या दाढीवाल्याची गोष्ट आठवा. शार्ल पेरो या फ्रेंच लेखकाने ती 1697 मध्ये छापली. नवरा किल्ल्या देतो, एक खोली उघडू नको म्हणतो. ती उघडते. आत आधीच्या बायकांची प्रेतं. किल्ली रक्तात पडते आणि डाग धुतला तरी जात नाही, एका बाजूने घासला की दुसऱ्या बाजूने उमटतो. ही तुमची भयकथा.

आता त्याच्या कितीतरी आधी, दुसऱ्या शतकात, अपुलियस या रोमन लेखकाने सांगितलेली क्युपिड आणि सायकीची गोष्ट. परका महाल, अंधारातच येणारा नवरा, अट एकच : माझं तोंड बघायचं नाही. बहिणी कान भरतात की तो अजगर आहे. ती दिवा लावते, दुसऱ्या हातात वस्तरा. दिसतो तो प्रत्यक्ष प्रेमाचा देव. दिव्यातला तेलाचा तापलेला थेंब त्याच्या खांद्यावर पडतो, तो जागा होतो आणि उडून जातो. मग ती त्याच्यासाठी पाताळापर्यंत जाते. ही तुमच्या भाचीची कादंबरी.

मांडणी तीच. अनोळखी घर, अनोळखी नवरा, एक अट, बाईने मोडलेली. एका गोष्टीत सत्य कळलं की सुटायची धडपड. दुसरीत सत्य कळल्यावरच खरी गोष्ट सुरू होते. तुम्ही सायकीची गोष्ट निळ्या दाढीची समजून वाचलीत, म्हणून थेंब पडल्या पडल्या पुस्तक मिटलंत.

अवांतर : फार लांब जायलाही नको. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात 95 वं सूक्त हा पुरूरवा-उर्वशीचा संवाद आहे. ती सोडून गेलीय, तो मागे लागलाय, म्हणतो मी मरेन, लांडगे मला खातील. आणि ती स्वतःच सांगते की मरू नकोस, बायकांशी सख्य होत नसतं, त्यांची हृदयं सालावृकांची असतात. सालावृक म्हणजे कुणी तरस म्हणतं, कुणी लांडगा. हे वाक्य आज एखाद्या काळ्या मुखपृष्ठावर सोनेरी अक्षरांत छापलं तर प्रती हातोहात खपतील. शतपथ ब्राह्मणात हीच गोष्ट सविस्तर आहे आणि तिथेही उर्वशीची अट आहेच : तू मला नग्न दिसता कामा नये. गंधर्व वीज चमकवतात आणि खेळ संपतो.

तुसडा_वाचक

शंखपुष्प आले म्हणजे वेद आलेच. पण हे पटलं, च्यायला.

रात्रपाळी

मी दोन्ही वाचते म्हणून थोडं दुसऱ्या बाजूने. भाचीच्या बाबतीत काकांचीही चूक आहे. दहा भयकथा एकदम दिल्या का? तिने त्या एका बैठकीत वाचल्या असणार, कादंबरीची प्रकरणं वाचावीत तशा. तिसऱ्या कथेपासून मेंदू शेवटाचा अंदाज बांधायला लागतो आणि मग एकही कथा चावत नाही. भयकथांचे अमेरिकन लेखक एडगर अ‍ॅलन पो यांनी 1842 मध्येच लिहून ठेवलंय की कथा एका बैठकीत, अर्ध्या तासापासून फार तर दोन तासांत वाचून व्हावी, म्हणजे तिचा परिणाम अखंड राहतो. त्यात माझी भर एवढीच की कथेनंतर तेवढाच वेळ काही वाचू नये. फोनही नको. भयकथेचं शेवटचं पान वाचणाऱ्याच्या खोलीत असतं, ते वाचायला वेळ लागतो.

शिवाय शेवट उघडा सोडणं हे ज्याला माहीत नाही त्याला खरंच वाटतं की पानं गळलीत. माझ्या नवऱ्याने एकदा पुस्तक उलटंपालटं करून पाहिलं होतं.

काका, एक विचारते. त्या पावलांच्या कथेबद्दल भाची "पुढचं कुठाय" एवढंच म्हणाली? पुढचं म्हणजे तिला नेमकं काय हवं होतं?

मिणमिणता_कंदील

सगळ्यांचे आभार. चार दिवस गायब होतो, कारण वाचत होतो.

@आठवंदार, सौदा परत वाचला. राजा म्हणतो, "नदी गोठेल आणि वितळेल तोवर." मी ते वर्ष धरून चाललो होतो. ती नदी गोठतच नाही, हे नव्वदाव्या पानावर एक म्हातारी नावाडीण सहज बोलून जाते. मी ते वाचलं होतं आणि पुढे गेलो होतो! दार, दार करत. आता चुंबनाचं प्रकरण पुन्हा वाचलं तर ते तितकं गोडही नाही. तो रडत असताना ती खांद्यावरून फळ्यांकडे बघत असते, कुप्या मोजत. मला फक्त त्याचं रडणं दिसलं होतं. अजून शंभर पानं बाकी आहेत. आवडलं असं भाचीला इतक्यात सांगणार नाही. राजाचं बालपण मात्र अजूनही असह्य आहे, ती तीन पानं मी बोटाने मोजून उलटली.

@रात्रपाळी, तुमचा प्रश्न मी भाचीला फोनवर विचारला. म्हणाली, "ती कुठे गेली ते हवं होतं. तिला नेलं नाहीये ना, ती गेलीये."

मी म्हटलं, अगं, त्याने नेलं तिला, तीच तर भीती आहे.

तर म्हणे, "मामा, नेलं असतं तर ओढल्याची खूण असती. शिवाय जाताना पावलं फक्त तिची आहेत. त्याची कुठायत? आणि ओली कशी? ती तर पलंगावर होती."

मी वाद घालणार होतो, पण आधी कथा काढून बघावी म्हटलं. वीस-बावीस वर्षांत ती निदान दहादा वाचली असेन. शेवटचा परिच्छेद पाच ओळींचा आहे. चौथ्या ओळीत लिहिलंय की पावलांमधलं अंतर सारखं होतं आणि प्रत्येकाची पाचही बोटं स्पष्ट उमटली होती. म्हणजे घाई नव्हती. ती चालत, सावकाश गेली होती, आणि निघायच्या आधीच भिजलेली होती.

मग मी कथेच्या सुरुवातीकडे गेलो. पहिल्याच पानावर ती नवऱ्याची उशी न्हाणीघरात नेऊन धुते आणि ओलीच परत पलंगावर ठेवते. रोज. मला ते आजवर नुसतं दुःख वाटलं होतं.

रात्री साडेअकराला हे वाचलं. दिवा अजून चालू आहे.