घरची ८००: मागे विंग लावू का?

प्रश्न: शेडमध्ये जुनी मारुती ८०० रेससाठी रिकामी केलीय. कोइमतूरच्या करी ट्रॅकवर शंभरच्या वर स्टिअरिंग हलकं पडतं. बजेट पाच हजार. विंग, म्हणजे हवेने गाडी खाली दाबणारी आडवी पट्टी, लावू का?

– थांब भावा! मागच्या चाकांच्या मागे वजन टाकलंस तर पुढचं अजून उचलेल. आधी बंपरखाली एअर डॅम, म्हणजे गाडीखाली घुसणारी हवा अडवणारी पट्टी. साइनबोर्डवाल्याकडे एसीपी (अ‍ॅल्युमिनियम-प्लास्टिकच्या) शीटचे तुकडे पडून असतात, मी तेच रिव्हेट मारून लावले. टेकू मात्र दे. माझा पहिला वाऱ्याने वाकून टायरला घासला.

– आधी बॉडीवर लोकरीचे धागे चिकटव, शेजारच्या गाडीतून शूट कर. धागा उलटा फिरला, तिथे हवा बॉडीपासून सुटतेय.

– लावले! मागच्या काचेवर नुसते नाचतायत. आई विचारते, गाडीची मुंज आहे का?