घरी एकट्याने ध्यान करतोय, पण गाडी अडलीये. पुण्याजवळ कुणी मार्गदर्शक माहीत आहे का?

नमस्कार मंडळी, जय भीम.

जरा सविस्तर लिहितो, कारण "यूट्यूबवर बघ की" हा सल्ला आधीच तिघांनी दिलाय.

मी पिंपरीत राहतो, चाकणला एका कारखान्यात मेंटेनन्सला आहे. तीन शिफ्ट. 2018 मध्ये गोएंका गुरुजींच्या पद्धतीचं दहा दिवसांचं विपश्यना शिबिर केलं. पहाटे चारची घंटा, आर्य मौन, पहिले साडेतीन दिवस नुसता नाकाखालचा श्वास, मग डोक्यापासून पायापर्यंत संवेदना. दहाव्या दिवशी मौन सुटलं तेव्हा शेजारच्या गादीवरचा माणूस रिक्षावाला निघाला आणि आम्ही दोघं उगाचच हसत सुटलो. इतकं हलकं त्याआधी कधी वाटलं नव्हतं. घरी सकाळ-संध्याकाळ एकेक तास बसा असं सांगतात. दोन्ही वेळा काही जमलं नाही, पण एक वेळ सोडली नाही. थर्ड शिफ्टवरून आलो तरी स्वयंपाकघरात फ्रिजशेजारी घोंगडी टाकून बसतो.

अडचण अशी की गेल्या वर्षभरात बसणं म्हणजे कुस्ती झालीये. दहा मिनिटांत दोन भुवयांच्या मधे कुणीतरी अंगठा दाबून धरल्यासारखं होतं. अधिष्ठान, म्हणजे तासभर हलायचं नाही असा निश्चय, म्हणून मीही हट्टाने हलत नाही. उठतो तेव्हा घामाघूम, आणि पहिला जो समोर येईल त्याच्यावर खेकसतो. बायको म्हणते, "तुम्ही न बसलेलेच बरे." मध्यंतरी दातांच्या डॉक्टरांनी विचारलं, "दात खाता का हो रात्री? दाढा झिजल्यात." रात्रीचं मला काय माहीत? पण दुसऱ्या दिवशी बसल्यावर लक्ष दिलं, तर जबडा घट्ट आवळलेला. म्हणजे वर्षभर मी श्वास बघतोय आणि दाढा चावतोय, आणि मला पत्ताच नाही!

म्हणून माणूस हवाय. वर्षावासात एका प्रवचनात मेघिय भिक्खूची गोष्ट ऐकली होती. भगवंत थांब म्हणत असताना हा एकटाच आमराईत ध्यानाला गेला आणि तिथे काम, द्वेष, हिंसा असल्याच विचारांनी त्याला घेरलं. परत आला तेव्हा भगवंतांनी सांगितलेली पहिली गोष्ट म्हणजे कल्याणमित्र, धम्माच्या वाटेवरचा चांगला सोबती. माझी आमराई फ्रिजशेजारी आहे, एवढाच फरक.

घरात विचारायची सोय नाही. आजोबांनी 14 ऑक्टोबर 1956 ला नागपुरात दीक्षा घेतली. आमच्याकडे धम्म म्हणजे वंदना, बावीस प्रतिज्ञा, शिक्षण आणि मोर्चे. वडिलांना डोळे मिटून बसणं ही पळवाट वाटते. "बाबासाहेबांनी उठायला शिकवलं, तू बसतोस." मी वाद घालत नाही, त्यांनी काय भोगलंय ते मला ठाऊक आहे. विहारातले भंतेजी चांगले आहेत, पण लग्नं, नामकरणं, पुण्यानुमोदन यांतून त्यांनाच श्वास घ्यायला उसंत नाही.

तर, महिन्या-दोन महिन्यांनी भेटून "काय होतंय, सांग" असं विचारणारं कुणी हवं आहे. स्वतः बरीच वर्षं बसलेलं. भिक्खू असोत, बाई असोत, गृहस्थ असोत. मराठी किंवा हिंदी बोलणारं. पाया पडून घेणारा किंवा तिसरा डोळा उघडून देणारा नको, आणि महागडी ऑनलाइन बॅचही नको. दापोडीच्या महाविहारात कुणी शिकलंय का? आणि दोन पद्धती एकत्र करू नका असं शिबिरात बजावलेलं असतं, त्याचं काय करू?

प्रतिसाद, जुना साधक:
दादा, अधिष्ठान म्हणजे दात-ओठ खाऊन बसणं नव्हे. तुम्ही ते शब्दशः केलंत. सध्या तास सोडा, वीस मिनिटं बसा, हलावंसं वाटलं तर हला. आणि पद्धत बदलण्याआधी जिथे शिकलात तिथे विचारून तर बघा. दहा दिवस केलेल्यांसाठी एकदिवसीय शिबिरं असतात, स्वारगेटजवळ, मरकळला, गोराईच्या पॅगोडातही. तिथे सहायक आचार्यांना हे सगळं जबड्यासकट सांगा. आठवड्याची सामूहिक साधनाही धरा. शेवटी मंगल मैत्री, म्हणजे सगळ्यांचं भलं चिंतणं, करता का? बहुतेक जण घड्याळ बघून उठतात.

प्रतिसाद, मावळकरीण:
मी दापोडीत शिकले. इंग्रज भिक्खू संघरक्षितांची परंपरा, त्रिरत्न बौद्ध महासंघाची मंडळी. एक दिवस आनापानसती (श्वासावर लक्ष), एक दिवस मैत्री भावना असं आलटून पालटून. मैत्री भावनेचे पाच टप्पे: आधी स्वतः, मग जिवलग, मग ना मित्र ना शत्रू (मी आमचा दूधवाला घ्यायचे), मग ज्याच्याशी पटत नाही तो, शेवटी सगळे. मी पहिल्याच टप्प्यात अडकले होते, स्वतःचं भलं चिंतायला शब्दच सुचेनात. निवासी शिबिरं भाजे लेण्यांजवळ होतात, मळवली स्टेशनवरून चालत जाता येतं. शिबिर संपल्यावरही कुणीतरी विचारपूस करत राहतं, तुम्ही म्हणताय ते बहुधा हेच.

पद्धतींचं म्हणाल तर एका बैठकीत खिचडी करू नका, काही महिने एकच धरा. विसुद्धिमग्ग या जुन्या पाली ग्रंथात बुद्धघोषांनी चाळीस कम्मट्ठानं, म्हणजे ध्यानाचे विषय, दिलीत, त्यातलं कुणाला कुठलं ते स्वभाव बघून ठरतं. द्वेषचरिताच्या, म्हणजे रागीट स्वभावाच्या, माणसाला मैत्री चालते. खेकसता म्हणालात म्हणून लिहिलं हो, राग मानू नका.

धागाकर्ता:
राग आला होता, मग हसू आलं. दोघांचेही आभार. बायकोला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "पहिल्या टप्प्यात तुम्ही, चौथ्यात मी, बरोबर ना?" आधी एकदिवसीय शिबिर करतो, आचार्यांना विचारतो, मग मळवली. पुढच्या आठवड्यात फर्स्ट शिफ्ट आहे, रविवार मोकळा. फक्त एक सांगा, डावा गुडघा जुना दुखरा आहे. भाज्याला बसायला खुर्ची मिळते का?