धपधप, दाणदाण, फरफट… तुमच्या घरातल्या पावलांचे शब्द सांगा

निंबोणी
काल लेकीच्या इंग्रजीच्या अभ्यासात चालण्याची क्रियापदं होती. स्टॉम्प, प्लॉड, ट्रज. "आई, ट्रज म्हणजे?" मी "थकून चालणं" एवढंच सांगितलं आणि भाजी चिरताना नौपाड्याचं जुनं घर आठवत राहिलं. लाकडी जिना, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू झालेली आजी आणि तिचे कान. कोण आलं ते ती पावलांवरून सांगायची. काका धपधप, आत्या तुरुतुरु, मी रुसले की दाणदाण. बाबा कायम झपझप चढायचे. वागळे इस्टेटमधली त्यांची कंपनी बंद झाली त्या संध्याकाळी बाबांना काही सांगावंच लागलं नाही. आजी आतूनच आईला म्हणाली, "आज पाय ओढत येतोय गं तो. आधी पाणी दे, काही विचारू नकोस." ट्रज म्हणजे ते. तुमच्याकडे काय म्हणायचे? लिहा ना.

कोपरीकर
"टाचा आपटू नकोस!" दिवसातून दहा वेळा. आजोळी शेणाने सारवलेली जमीन, टाचेखाली पोपडे निघायचे. परत सारवणार कोण, तर आजीच. ठाण्यात फरशी आली तरी आईचं तेच ओरडणं चालू.

श्रावणसर
पावसात ठाणे स्टेशनचा पूल. पचक पचक पचक. बास, एवढंच आठवलं, गाडी आली.

दाणाबाजार
माझे वडील वाशीच्या बाजारात माथाडी. पाठीवर गोणी असली की चाल दुडकी. गुडघे थोडे वाकलेले, पावलं छोटी आणि भरभर. लांब ढांग टाकली तर ओझ्याचा हिसका कमरेत बसतो, आणि थांबलं तर परत निघणं अवघड. पूर्वी 100 किलोची पोती असायची. 1969 च्या माथाडी कायद्याने बोर्ड आलं, मजुरी बोर्डातून मिळू लागली, फंड आला, म्हणून आम्ही शिकलो. घरात मात्र ते अगदी हळू चालायचे. आम्ही झोपलेले असायचो ना.

निंबोणी
@दाणाबाजार, शेवटचं वाक्य वाचून गलबललं. बाबांना नमस्कार सांगा.

वेलांटी
मराठीत यासाठी एकटी क्रियापदं थोडी आहेत: लंगडणं, खुरडणं, रखडणं, ठुमकणं. बाकी सगळा भार नादाच्या शब्दावर, 'चालणं' नुसतं मागून येतं. आणि ते शब्द एकमेकांच्या जागी चालत नाहीत. धपधप वजनाचं, दाणदाण रागाचं, थपथप ओल्या अनवाणी पायांचं, खाडखाड बुटांचं, फटक फटक सैल चपलांचं. स्टॉम्पला 'पाय आपटत' चालेल. ट्रजला 'पाय ओढत' छान, पण त्यात रेटा पण आहे, थकला तरी थांबत नाही.

कोपरीकर
आणि करकर? आजोबांच्या कोल्हापुरी वहाणा! तळाच्या चामड्याच्या थरांत बी घालून शिवतात, म्हणून वाजतात. गल्लीच्या तोंडाशी करकर आली की आम्ही पत्ते लपवायचो.

ऐरोली५
आमच्या वरच्या मजल्यावर रात्री साडेअकराला धाडधाड. सिडकोची जुनी इमारत, स्लॅब पातळ. काय करावं?

वेलांटी
चिडून जाऊ नका. मी खालच्या काकूंसाठी घरात जाड सतरंज्या घातल्या, खुर्च्यांच्या पायांना फेल्ट लावलं. त्या आधी येऊन नीट बोलल्या होत्या म्हणून.

नात्याची५२
दीड वर्षाचा नातू, वाजणारे बूट, चूं चूं चूं. दुडूदुडू पळतो. सून म्हणते काढून टाकू, मी म्हणते राहू दे, स्वयंपाकघरातून कळतं कुठे आहे ते. कुकर लागलाय, नंतर लिहिते.

श्रावणसर
पोचलो. @निंबोणी, नौपाड्यात कुठे? राममारुती रोडच्या बाजूला असे लाकडी जिने होते. तुमचा आहे अजून?

निंबोणी
तिथेच मागे. नाही हो, इमारत पाडली. आता लिफ्ट आहे, बेल वाजल्यावरच कळतं कोण आलं.

ऐरोली५
@वेलांटी, फेल्ट चिकटवायचं मिळतं का? उद्या गोखले रोडला जाणार आहे.