पेटी वाजवणाऱ्या पोरीनं पियानोची ऑडिशन द्यावी का?

धुऱ्यावरचा:
राम राम मंडळी. गाव दारव्हा तालुक्यातलं. भाची यंदा बारावी झाली. सात वर्षांची असल्यापासून भजनी मंडळात पेटीवर बसते, गांधर्व महाविद्यालयाची मध्यमा परीक्षाही झाली. दोन वर्षांपासून मोबाइलवर बघून पियानो शिकतेय, आणि आता राज्याबाहेरच्या एका विद्यापीठात पियानो-कीबोर्डच्या पदवीला अर्ज करायचा म्हणते. ऑडिशनला मागितलंय ते असं: जर्मन संगीतकार बाखचं एक इन्व्हेन्शन (छोटी रचना), एखाद्या सोनाटाचा (अनेक भागांच्या मोठ्या रचनेचा) पहिला भाग, शोपाँच्या काळातलं, म्हणजे एकोणिसाव्या शतकातलं, काही एक, बाराही स्वरांवरून मेजर-मायनर स्केल (पाश्चात्त्य स्वरसप्तकं) दोन्ही हातांनी, आणि समोर ठेवलेलं नोटेशन तिथल्या तिथं वाचून वाजवणं. आधी व्हिडिओ पाठवायचा, एका दमात, मध्ये न तोडता.

माझं मत, यंदा थांबावं. घरी ६१ पट्ट्यांचा हलका कीबोर्ड आहे. ८८ वजनदार पट्ट्यांच्या डिजिटल पियानोचे दुकानदारानं पंचेचाळीस हजार सांगितले. २०२४-२५ चा लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ७,५२१ रुपये, म्हणजे एका पियानोला सहा क्विंटल कापूस. तोही हमीभाव हातात पडला तर. ओलावा दाखवून भाव कसा पाडतात ते इथं कोणाला सांगायला नको. त्यापेक्षा पेटीतच पुढची विशारद परीक्षा करावी.

काळी चार:
दादा, ६१ चं कारण पुढे करू नका. बाखच्या हाताशी साधारण चारच सप्तकं होती, मोत्झार्टच्या पियानोला पाच. बाखनं ती १५ इन्व्हेन्शनं शिकणाऱ्यांसाठीच १७२३ मध्ये नीट लिहून काढली, ती ६१ पट्ट्यांत आरामात मावतात. अडेल ते शोपाँपाशी. तिथं फार खाली-वर न जाणारं काही निवडा.

आणि पोरीकडे जे आहे ते शहरातल्या पोरांकडे नसतं. बुवा काळी चारमध्ये (चौथी काळी पट्टी सा धरून) सुरू करतात, गळा बसला की अर्धा सूर खाली, पांढरी पाचवर येतात, आणि पेटीवाल्यानं न विचारता मागे जायचं असतं. बाराही स्वरांवरून वाजवणं हा तिच्यासाठी रोजचा मामला आहे. फक्त कीबोर्डावरच्या ट्रान्सपोजच्या (बोटं तीच ठेवून सूर आपोआप वर-खाली करणाऱ्या) बटणाची सवय लागली नसावी.

भाता:
पट्ट्या मोजून काय होतंय? खरी अडचण वजनाची. पेटीत पट्टी दाबली की झडप उघडते. जोरात दाबा की हळू, आवाज तेवढाच. तो कमी-जास्त करतो डाव्या हातातला भाता. पियानोत हातोडी तारेवर किती वेगानं आदळते त्यावर आवाज ठरतो, म्हणजे सगळा खेळ बोटाचा. पेटीवाल्याचा जीव डाव्या हातात आणि त्याच हाताची बोटं कोरी! इन्व्हेन्शनमध्ये तर डाव्याला उजव्याइतकंच काम.

मी स्वतः अशा एका ऑडिशनला गेलो होतो, असाच हलक्या कीबोर्डावर तयारी करून. चार ओळींत करंगळ्या भरून आल्या. परीक्षक चांगले होते, म्हणाले, ‘तेवढंच, पण हळू आवाजात वाजवा.’ हळू वाजवायला गेलो तर निम्मे स्वर उमटलेच नाहीत, नुसती लाकडाची टकटक. धुऱ्यावरच्या भाऊंचं बरोबर आहे. एक वर्ष थांबा.

वऱ्हाडी ठसका:
काहून बा अडवता पोरीले? हमीभावाचा हिशेब मले नोका सांगू, मीबी कापूसच पेरतो. पेरनी करताना पाऊस येईनच असं कोनाकून लिहून घेता का? पेटीतच राहा म्हन्ता, पन पेटी तरी कुठं आपली होती? तेबी युरोपातूनच आली. आकाशवानीनं १९४० पासून १९७१ पर्यंत तिले बंदी घातली होती, मींड (एका सुरातून दुसऱ्यात घसरत जानं) निघत नाई म्हनून. अन् आज तिच्याबिगर गावात काकडा होत नाई.

धुऱ्यावरचा:
ठसकेबुवा, पाऊस नाही आला तर मी दुबार पेरतो. तिचं वर्ष गेलं तर काय पेरू?

बाकी भाताभाऊंचा प्रतिसाद तिला वाचून दाखवला. ती उठली, कीबोर्डाच्या मेनूत काहीतरी शोधत बसली आणि एकदम ‘मामा!’ म्हणून ओरडली. टचची सेटिंग, म्हणजे बोटाच्या जोराप्रमाणे आवाज कमी-जास्त करणारी, दोन वर्षं बंदच होती. चालू केल्यावर तेच इन्व्हेन्शन वाजवलं तर डावा हात ऐकूच येईना. रात्री वीज जाईस्तोवर एकट्या डाव्यानं वाजवत होती.

मत तेच आहे. पण व्हिडिओला अजून पाच आठवडे आहेत. नागपुरात कुठं खरा पियानो तासभर मिळेल का?

काळी चार:
मी जाते त्या चर्चच्या हॉलमध्ये आहे, जुना पण सुरात. विचारून ठेवते. रविवारी बारानंतर हॉल मोकळा असतो. सोनाटाचं कागदी पुस्तक आणा, मोबाइल स्टँडवर टिकत नाही.

भाता:
आणि नखं कापून आणा. पेटीला चालतात, तिथं वाजतात.