जुन्या ब्लॉगपोस्ट अपडेट करायच्या की तशाच ठेवायच्या? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

धागा चुकीच्या विभागात असेल तर ॲडमिननी हलवावा.

माझा गड-किल्ल्यांच्या भटकंतीचा मराठी ब्लॉग आहे, ब्लॉगस्पॉटवर, 2009 पासूनचा. मधली काही वर्षं नोकरी-संसारात तो थंडच पडला होता, हल्ली परत लिहायला लागलोय. आता गंमत अशी की नवीन पोस्ट फारसं कोणी वाचत नाही आणि 2010-12 च्या पोस्टवर मात्र गूगलवरून रोज माणसं येतायत, त्यात जुलै 2025 मध्ये आपले किल्ले युनेस्कोच्या यादीत गेल्यापासून राजगड, साल्हेरच्या पोस्टना तर जास्तच. लोक वाचतात याचा आनंद आहेच पण ते वाचून निघतात याची धास्ती आहे. कारण त्यात लिहिलेल्या यष्ट्या आता त्या वेळेला नाहीत, भाडं तर विचारूच नका, काही ठिकाणी पायवाटेचा डांबरी रस्ता झालाय, आणि हरिश्चंद्रगड-रतनगडच्या पोस्टमध्ये जिल्हा अजून अहमदनगर आहे.

एवढंच असतं तर बसलो असतो एका रविवारी आणि टाकलं असतं बदलून. पण खरा घोळ इर्शाळगडाच्या पोस्टचा आहे.

2011 च्या पावसाळ्यातली पोस्ट आहे ती. चौकवरून मोरबे धरणाच्या बाजूने नानिवलीकडून चढलो, पावसाने झोडपून काढलं, इर्शाळवाडीत एका ठाकर कुटुंबाकडे थांबलो, त्यांनी न विचारता कपडे चुलीजवळ वाळत घातले आणि तांदळाची भाकरी आणि सुक्या बोंबलाची चटणी दिली, असं सगळं आहे त्यात. आणि खाली माझं नेहमीचं 'कसे जाल', ज्यात लिहिलंय की वाडीत जेवणाची सोय होते, आदल्या दिवशी फोन करा, पुढे घरमालकांचं नाव आणि मोबाईल नंबर.

19 जुलै 2023 च्या रात्री वाडीवर दरड आली. पुढचं सगळ्यांना माहितीय. वाचले त्यांना नंतर खाली चौकजवळ घरं बांधून दिली. आणि माझी पोस्ट अजूनही 'सोय होते, फोन करा' असंच सांगतेय.

पोस्टच उडवून टाकावी असं एकदा वाटलं. पण त्यात वाडीचे, अंगणाचे, पोरांचे फोटो आहेत, खाली वाचकांच्या कॉमेंट्स आहेत, कोणी लिहिलंय आम्हीपण त्याच घरी जेवलो, कोणी आजींची तब्येत विचारलीय. ते सगळं उडवायला हात होत नाही. बरं, मजकूर बदलून 'सोय होत असे' करावं तर मग त्या कॉमेंट्स अधांतरी लटकतात, आणि शिवाय मी 2011 मध्ये जे लिहिलं ते मी 2011 मध्ये लिहिलं होतं ना, त्यात आज बसून क्रियापदं बदलणं मला बरोबर वाटत नाही.

तर विचारायचंय असं की तुम्ही जुन्या पोस्टना हात लावता का, लावला तर वाचकाला सांगता का, तारीख बदलता की जुनीच ठेवता, की सरळ नवीन पोस्ट लिहून जुनीला रामराम? आणि जुन्या पोस्टमधल्या गावातल्या लोकांच्या नंबरांचं काय करता? असे नंबर माझ्या जवळजवळ प्रत्येक पोस्टमध्ये आहेत.

– पायवाट

बोरघाट:
नंबर आज काढा. उद्या नाही, आज. बाकीची चर्चा सावकाश होऊ दे.

माझ्या एका मित्राच्या ब्लॉगवर असाच एक नंबर होता. मूळ माणसाने सिम सोडलं, तो नंबर दुसऱ्याच कोणाला मिळाला (बंद पडलेला नंबर 90 दिवसांनंतर कंपनी दुसऱ्याला देऊ शकते), आणि त्या बिचाऱ्याला दर शनिवारी पहाटे फोन, "मामा आम्ही बारा जण निघालोय, पिठलं-भाकरी आणि ठेचा". शेवटी त्याने कोणाकडून तरी ब्लॉग शोधून काढून कॉमेंटमध्ये शिव्या घातल्या. आणि ज्याच्याकडे तो जुना नंबर अजून आहे त्याला तरी आपण कुठे विचारलं होतं की नेटवर टाकू का म्हणून. वहीत लिहून घेतला तेव्हा त्यांना वाटलं असेल हा आपल्या चार दोस्तांना देईल.

तडका_ताई:
माझा रेसिपीचा ब्लॉग आहे त्यामुळे किल्ल्याचं नाही कळत पण दुखणं तेच आहे. लोक खाली लिहितात "ताई मी दीड वाटी पाणी घातलं, सैल झालं". मग मी वर गुपचूप सव्वा वाटी केलं तर ती बाईच खोटी ठरते ना, वाचणाऱ्याला वाटतं हिने नीट वाचलं नाही. म्हणून मी वरचं प्रमाण बदलते आणि तिथेच कंसात लिहिते की आधी दीड वाटी होतं, कोणत्या महिन्यात बदललं. शुद्धलेखन, वेलांटी-बिलांटी मात्र कोणाला न सांगता दुरुस्त करते, त्याची कसली दवंडी पिटायची.

हौशी_लेखक:
माझं स्पष्ट मत, जुन्याला हात लावूच नये. ब्लॉग म्हणजे रोजनिशी. तारीख वर लिहिलेली असते, 2011 चं वाचतोय हे वाचणाऱ्याला कळायला नको? पन्नास वर्षांपूर्वीचं प्रवासवर्णन वाचून कोणी एसटी स्टँडवर जाऊन उभा राहतो का?

बोरघाट:
@हौशी_लेखक, राहतो. पुस्तकाचं पान जुनं दिसतं, ब्लॉगचं दिसत नाही. 2011 ची पोस्ट आणि कालची पोस्ट एकाच टेम्प्लेटमध्ये, एकाच फाँटमध्ये दिसते. मोबाईलवर कित्येक थीममध्ये तारीख इतकी बारीक असते की ती दिसायला डोळ्यात तेल घालावं लागतं. त्यात गूगल थेट मधल्याच परिच्छेदावर नेऊन सोडतं.

पायवाट:
@बोरघाट दादा, नंबर काढायला सुरुवात केली, निम्म्या पोस्ट झाल्या. @तडका_ताई, कॉमेंटवाला मुद्दा पटला. बदललेल्या जागी जुनं खोडून दाखवावं का? म्हणजे शब्दांवर आडवी रेघ आणि पुढे नवीन माहिती. इंग्रजी ब्लॉगवर बघितलंय तसं.

कोडकर:
आडवी रेघ मराठीत नको. एकतर आपल्या अक्षरांना वर शिरोरेषा असते, त्यात मधून अजून एक रेघ गेली की बारीक अक्षरात वाचताच येत नाही, आकडे तर अजिबात नाहीत, 3 आहे की 8 कळत नाही. दुसरं म्हणजे लोक 'कसे जाल' वाचत बसत नाहीत, कॉपी करून ग्रुपवर टाकतात. व्हॉट्सॲपवर पेस्ट केलं की ती रेघ उडते आणि खोडलेली सकाळी सहाची यष्टी पुन्हा ठणठणीत होऊन फिरायला लागते. स्क्रीन रीडर (पडद्यावरचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) वापरणाऱ्यांनाही बहुतेक वेळा रेघ ऐकू येत नाही, शब्द सरळ वाचला जातो. त्यापेक्षा शब्दांत लिहा, "ही गाडी आता नाही".

तारखेचं विचारलंत म्हणून. ब्लॉगरमध्ये (म्हणजे तुमचं ब्लॉगस्पॉटच) प्रकाशनाची तारीख बदलता येते, लिंक तीच राहते, म्हणजे लिंकमध्ये 2011/08 तसंच आणि वर तारीख आजची असा विचित्र प्रकार होतो, आणि पोस्ट होमपेजवर सगळ्यात वर येऊन बसते. नका करू. गूगलने स्वतःच्या सूचनांमध्ये लिहिलंय की मजकुरात विशेष बदल न करता पान ताजं दिसावं म्हणून तारखा बदलू नका. मूळ तारीख राहू दे, खाली स्वतः एक ओळ टाइप करा की कधी अपडेट केलं. पोस्ट ड्राफ्टमध्ये नेऊन परमालिंकशी (पोस्टच्या कायमच्या पत्त्याशी) खेळू नका, नाहीतर लिंक बदलेल आणि जगभरच्या जुन्या लिंका मरतील. चुकून झालंच तर सेटिंगमध्ये कस्टम रीडायरेक्ट आहे, ते लावा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, ब्लॉगर जुन्या आवृत्त्या ठेवत नाही. वर्डप्रेसमध्ये रिव्हिजन असतात, इथे अपडेट दाबलं की आधीचं गेलं. त्यामुळे हात लावायच्या आधी सेटिंगमधून अख्ख्या ब्लॉगचा बॅकअप उतरवा, आणि इर्शाळगडसारखी पोस्ट असेल तर वेबॅक मशीनवर (जुनी वेबपानं जपून ठेवणारी साईट) ते पान सेव्ह करून ठेवा. दोन मिनिटांचं काम आहे. नंबर असलेल्या पोस्टसाठी मात्र हे उलट आहे हां, आधी नंबर काढा मग सेव्ह करा. सर्च कन्सोल (साईटवाल्यांसाठीचं गूगलचं साधन) असेल तर तिथून ते पान पुन्हा इंडेक्स करायला सांगा, नाहीतर नंबर सर्चमध्ये काही दिवस दिसत राहील.

नेरळची_नात:
मी लिहीत नाही, फक्त वाचते आणि जाते. वाचणाऱ्याच्या बाजूने सांगू का, मला दोन वेगवेगळ्या गोष्टी हव्या असतात. तुमची त्या दिवशीची गोष्ट, ती जुनीच छान लागते, त्यात भाडं 40 रुपये लिहिलंय तर ते 40 च राहू दे, वाचायला मजा येते. आणि 'कसे जाल', ते मात्र आजचं पाहिजे. तुम्ही दोन्ही एकाच हाताने लिहिता त्यामुळे घोळ होतो. माथेरानचंच बघा, 2019 च्या पावसात रूळ वाहून गेले, नेरळहून वर गाडी 2022 च्या ऑक्टोबरात परत सुरू झाली, मधल्या काळात जुन्या पोस्ट वाचून नेरळ स्टेशनात तिकीट मागणारे मी डोळ्यांनी बघितलेत. आणि भाड्याचा आकडा 'कसे जाल'मध्ये लिहूच नका, मार्च 2023 पासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट, 2025 च्या जानेवारीत भाडं जवळपास 15 टक्क्यांनी वाढलं, किती वेळा बदलत बसणार. वेळही नका लिहू, कुठल्या स्टँडवरून कुठली गाडी एवढं पुरे.

हौशी_लेखक:
@नेरळची_नात, हे मान्य. गोष्टीला हात नाही, 'कसे जाल'च्या चौकटीला लावा. आणि अहमदनगर गोष्टीत अहमदनगरच राहू दे, तेव्हा गाडीच्या पाटीवर तेच होतं. लेबलमध्ये अहिल्यानगर टाका म्हणजे शोधणाऱ्याला सापडेल.

पायवाट:
सगळ्यांचे मनापासून आभार. बॅकअप उतरवला. 'कसे जाल' पोस्टच्या तळातून उचलून सगळ्यात वर वेगळ्या रंगाच्या चौकटीत टाकतोय, त्यात माहिती कोणत्या महिन्यात तपासली ते, आणि मी स्वतः गेलो होतो की कोणाकडून ऐकलं तेही. जिथे परत गेलो नाही तिथे सरळ लिहितोय की ही माहिती 2012 ची आहे, स्थानिकांना विचारल्याशिवाय निघू नका. सगळ्या पोस्ट एकदम होणार नाहीत, ज्यांवर माणसं जास्त येतात त्या आधी.

इर्शाळगडासाठी हे लिहिलंय, बघा जरा:

"ही पोस्ट ऑगस्ट 2011 ची आहे. यात जिचं वर्णन आहे ती इर्शाळवाडी 19 जुलै 2023 च्या रात्री दरडीखाली गेली. खालचा मजकूर आणि प्रतिक्रिया तेव्हा होत्या तशाच ठेवल्या आहेत. जेवणाखाण्याची माहिती आणि फोन नंबर काढला आहे. या वाटेने ट्रेकला जाण्यासाठी ही पोस्ट वापरू नये."

तडका_ताई:
चांगलं झालंय. एकच, फोटोंचं काय? पोरांचे आहेत म्हणालात.

पायवाट:
ताई, तिथेच अडकलोय. त्यातली मुलं आता मोठी झाली असतील, जी आहेत ती. काढावेत की ठेवावेत हे मी इथे बसून कसं ठरवणार.

बोरघाट:
मग विचारा की. वस्तीत जाऊन या, फोटोंच्या प्रिंट काढून न्या बरोबर. चुलीशेजारी कपडे वाळत घालणाऱ्या घरातलं कोणी भेटलं तर त्यांना द्या, नेटवर ठेवू का तेही विचारा. तोवर पोरांचे फोटो पोस्टमधून उतरवून ठेवा, तुमच्याकडे मूळ आहेतच. मी खोपोलीलाच असतो, जाणार असाल तर सांगा, येतो बरोबर.

पायवाट:
व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय दादा.